जयाबाईच्या हातची डोकी

काकतीची जयाबाई माणसाचं तोंड नंतर बघायची, आधी डोकं बघायची. बाजारात, बसमध्ये, लग्नाच्या मांडवात, कुठंही. समोरून एखादा वकील काळा कोट घालून रुबाबात चाललेला असला की ही शेजारणीच्या कानाशी लागायची, "बग, मागनं कसं फळीवाणी हाय. आईनं उताणा टाकून ठेवलाय त्येला, दुसरं काय!" आणि एखादं डोकं मागून चांगलं गोल दिसलं की भिडभाड न ठेवता विचारायची, "बाळ, तुला लहानपणी न्हाऊ कुणी घातलं रं?" विचारल्यावर लोक गोंधळायचे. काही हसायचे. पण दहातला एखादा म्हणायचा की आई सांगते, काकतीहून कुणी जयाबाई यायची. मग त्या दिवशी बाई घरी जाऊन दोन भाकरी जास्त खायची.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालणं हे तिचं काम. नवरा नागोजी लवकर गेला, पदरात एक पोर, तेजस्वी. तेव्हापासून ती काकतीहून सकाळची पहिली बस धरून बेळगावात यायची आणि टिळकवाडी, शहापूर, कॅम्प अशी घरं करत दुपारी परतायची. तीसेक वर्षं हेच. पाटावर बसून पाय लांब करायचे, दोन पायांच्या मधल्या पन्हाळीत पोर आडवं घ्यायचं, तेल जिरवायचं, कढत पाणी घालायचं. पोर कितीही बोंबललं तरी तिच्या हाताची लय चुकत नसे. अंग झालं की डोकं. दोन्ही तळव्यांत ते लहानगं डोकं धरून ती चारी बाजूंनी दाबत जायची, आणि शेवटी कोमट तेल घेऊन टाळू भरायची.

टाळू हा तिचा खास प्रांत. तान्ह्या पोराच्या माथ्यावर जो मऊ खळगा असतो, बोट ठेवलं तर आत थडथडतं, तिथं ती रोज तेल जिरवायची आणि रोज बोटानं चाचपून बघायची. खळगा लहान होत होत एक दिवस बोटाला लागेनासा झाला की त्यावर काजळाचा ठिपका द्यायची आणि म्हणायची, "घर लिंपून झालं. आता भ्या न्हाय." त्या दिवशी बाळाची आई तिला लुगडं द्यायची. दुसऱ्या बायकांच्या हातची टाळू वर्ष-दीड वर्ष उघडी राहते, आपल्या हातची त्याच्या आत भरते, असं ती सांगे. खरं-खोटं पडताळायला कोण जातंय?

तिच्या सगळ्या डोक्यांत पहिला नंबर होता शाल्मलीच्या डोक्याचा. टिळकवाडीत विनोदिनीबाई म्हणून कॉलेजात शिकवणाऱ्या बाई होत्या, त्यांची ही मुलगी. अडून जन्मली, तेव्हा डोकं दुध्या भोपळ्यासारखं लांबडं झालेलं. विनोदिनीबाई ते टोपडं घालून झाकत आणि रडत. जयाबाई म्हणाली, "वैनी, रडू नगा. सव्वा म्हयना मला द्या." आणि सव्वा महिन्यात खरंच ते डोकं लाडवासारखं गोल झालं. ती शाल्मली पुढं लहान मुलांची डॉक्टर झाली, बेळगावातल्या एका मोठ्या इस्पितळात कामाला लागली. जयाबाई सगळ्या गावाला सांगायची, "डोस्कं मी केलंय तिचं. म्हणून तर येवढं मावलं त्यात."

इतकी वर्षं अशी हातांवर मिरवलेली ही बाई. तिला कुणी हसून, कुणी मनापासून मान दिला, आणि तो तिनं खरा धरला. त्यात तिचं काय चुकलं, असं आजही मला वाटतं, आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या नातवाचं तोंड आठवून राग येतो.

तेजस्वी निपाणीला दिली होती. जावई नागेंद्र तिथं ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला, सरळ माणूस. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून तेजस्वी काकतीला आली आणि मुलगा झाला. साईराज. जन्मतःच त्याचं डोकं थोडं उंचट होतं, कपाळ उभं, माथा वर चढलेला. तेजस्वीनं विचारलं, "आये, ह्येचं असं का गं?" जयाबाई हसली. जिनं गावभरची डोकी गोल केली तिच्याच नातवाचं डोकं असं निघावं ही तिला देवाची थट्टा वाटली, आणि थट्टा म्हणून ती आवडलीसुद्धा.

"तुजा ल्योक शाल्मलीचा भाऊ हाय म्हण की," ती म्हणाली. "दे हिकडं."

तिनं बाकीची घरं कमी केली आणि नातवाला दोन वेळा न्हाऊ घालायला लागली. मोहरीची उशी केली. पण हे डोकं ऐकेना. बाजूंनी दाबावं तर वर चढे, वरून दाबावं तर काहीच होत नसे. मात्र एक गोष्ट अशी घडली की तिचा जीव हरखून गेला. पोर अडीच महिन्यांचं होतं न होतं, तोवर टाळू भरली. बोट कितीही फिरवलं तरी खळगा लागेना. इतक्या लवकर तिच्या हातची टाळू कधीच भरली नव्हती. तिनं भलामोठा काजळाचा ठिपका दिला आणि शेजारच्या यशोदाबाईला हाक मारून दाखवला.

त्याच सुमारास लस टोचायला तेजस्वी पोराला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली, सोबत जयाबाई. तिथल्या नर्सनं डोक्यावरून हात फिरवला, पुन्हा फिरवला आणि कन्नडात म्हणाली, "अज्जी, नेत्ती सिगवल्दु." टाळू हाताला लागत नाही. मग मोडक्या मराठीत तिनं तेजस्वीला सांगितलं की हे एवढ्या लवकर बंद व्हायचं नसतं, एकदा मोठ्या डॉक्टरला दाखवा.

जयाबाईनं कमरेवर हात ठेवले. "मी भरलीय ती. लागंल कशी? ह्या हातानी बेळगावात किती टाळू भरल्यात, इचार कुणालाबी."

नर्स तरुण होती. तिनं खांदे उडवले, सुई टोचली आणि पुढच्या पोराला घेतलं.

वाटेत तेजस्वी म्हणाली, "आये, एकदा दाखवू या का? शाल्मलीताईलाच दाखवू."

"काय दाखवायचं? टाळू भरली म्हणून?" जयाबाई म्हणाली. "हसंल ती मला. दुखणं न्हाय, खुपणं न्हाय, धडधाकट पोराला दवाखान्यात कशाला न्ह्यायचं? बारक्याच्या मागं उगंच सुया लागतील."

तेजस्वीनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. आईपुढं बोलायची तिला सवय नव्हती, आणि खरं सांगायचं तर तिचाही आईच्या हातांवर विश्वास होता. तिचं स्वतःचं डोकं त्याच हातांनी घडलं होतं.

पाचव्या महिन्यात ती निपाणीला सासरी गेली. तिथंही सासू मालुबाई, नवरा, दोघांचं एकच: जयाबाई सांगतात म्हणजे बरोबर. नागेंद्र म्हणायचा, "मामींच्या हातातनं एवढी पोरं गेल्यात, आपल्याला काय कळतंय?" व्हिडिओ कॉलवर जयाबाई नातवाला बघायची. पोराचे डोळे मोठे, पुढं आलेले दिसत. आळीतल्या बाया म्हणायच्या, काय टपोरे डोळे गं बाई. मालुबाई त्यात रोज काजळ घालायची. त्या टपोऱ्या डोळ्यांचे फोटो काढून नागेंद्रनं मोबाइलवर लावले होते. पोराचं रूप म्हणून सगळ्या नात्यात त्याचे डोळेच गाजले.

पोर रडायचं फार. सकाळी उठल्या उठल्या रडायचं, प्यालेलं दूध ओकायचं. दात येत असतील म्हणून झालं, पोटात वारा धरला म्हणून झालं. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मध्ये मध्ये जयाबाई बेळगावहून बस धरून निपाणीला जायची, तेलाची बाटली घेऊन. तिनं डोकं हातात घेतलं, दाबलं, की पोर शांत व्हायचं. पुढं पुढं तर ते स्वतःच मान उचलून डोकं तिच्या तळव्यात खुपसायचं आणि दाबून धरायचं. "बगा," ती मालुबाईला म्हणायची, "आज्जीचा हात कळतोय त्येला." आणि ते खरंच होतं, हात कळतच होता. फक्त आत काय ठणकत होतं म्हणून ते डोकं दाबून मागत होतं, हे त्या घरात कुणालाच कळलं नाही.

पहिल्या वाढदिवसानंतर काही दिवसांनी तेजस्वी माहेरी आली. पोर चालू लागलं नव्हतं. खुळखुळा वाजवला तर वळायचं, न वाजवता समोर धरला तर हात पुढं करायचं नाही. तेजस्वीनं हे आईला भीत भीत सांगितलं. जयाबाई म्हणाली, "खेळण्याचा कंटाळा आला आसंल." पण दुसऱ्या दिवशी पोर दारात बसलं होतं तेव्हा तिनं त्याच्या तोंडापुढं हात हलवला. हातातल्या पितळी बांगड्या वाजल्या तेव्हा ते हसलं. मग तिनं बांगड्या कोपरापर्यंत वर सारून घट्ट केल्या आणि पुन्हा हात हलवला. पोर तिच्या खांद्यावरून पलीकडं कुठंतरी बघत बसलं. जयाबाईनं हे लेकीला सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "वैनींना नातू दावला न्हाय अजून. चल, जाऊन येऊ."

म्हणजे दाखवायला नेलं ते दवाखान्यात नव्हे, टिळकवाडीत विनोदिनीबाईंच्या घरी, झबलं-टोपडं घालून, तीट लावून. आतून ती घाबरली होती, पण दवाखान्याची पायरी चढली असती तर ते कबूल केल्यासारखं झालं असतं. विनोदिनीबाईंनी कौतुकानं पोराला मांडीवर घेतलं. शाल्मली नुकतीच घरी येऊन चहा पीत होती.

"जयाक्का, नातू का? आणा बघू," असं म्हणून तिनं टोपडं काढलं आणि डोक्यावरून हात फिरवला. कपाळावरून माथ्यावर, मग दोन्ही कानांच्या वर. हात थांबला. तिनं पोराच्या डोळ्यांवर मोबाइलचा उजेड पाडला आणि काढला, पुन्हा पाडला. चहा तसाच राहिला.

"किती महिन्यांचा झाला?"

"वर्स झालं. वर थोडं," तेजस्वी म्हणाली.

"आणि याआधी कुणालाच दाखवलं नाही?"

तेजस्वी टोपड्याची नाडी बोटाला गुंडाळत राहिली. शाल्मलीनं तिच्याकडं बघितलं, मग जयाबाईकडं, आणि आवाज खाली आणून म्हणाली, "उद्या सकाळी इस्पितळात घेऊन या. उद्याच."

पुढचे दिवस इस्पितळातच गेले. डोक्याचा स्कॅन, डोळ्यांची तपासणी, रक्त. नागेंद्र रजा टाकून आला. निपाणीच्या पाहुण्यांनी कोल्हापूरला हलवा म्हणून फोन केले, पण शाल्मली म्हणाली की मेंदूचे सर्जन इथं चांगले आहेत आणि आता हलवण्यात दिवस घालवू नका. तिनं सगळ्यांना समोर बसवून समजावलं. बाळाची कवटी एक हाड नसते, वेगवेगळी हाडं असतात आणि त्यांच्या मध्ये शिवणी असतात. मेंदू वाढतो तशा त्या शिवणी जागा देत जातात, आणि टाळू म्हणजे शिवणी जिथं मिळतात तिथली मोकळी जागा. साईराजच्या बहुतेक शिवणी वेळेआधीच जुळून पक्क्या झाल्या आहेत. मेंदू वाढतोय आणि त्याला जागा नाही. तो वरच्या बाजूला जागा शोधतोय, म्हणून डोकं उंच आणि डोळे पुढं. आत दाब वाढला, त्या दाबानं डोळ्यांमागच्या शिरा वाळत गेल्या.

"ऑपरेशन करून कवटी मोकळी करतात," ती म्हणाली. "हाडं कापून, आकार देऊन, जागा ठेवून परत बसवतात. मोठं ऑपरेशन आहे. पण नाही केलं तर मेंदूचंही नुकसान होत राहील."

"आणि डोळं?" नागेंद्रनं विचारलं.

"जे उरलं असेल ते वाचवायचं. किती उरलंय ते आता सांगता येत नाही. अगदी थोडं असेल."

नागेंद्र चपलेच्या अंगठ्याकडं बघत म्हणाला, "आधी आणला आसता तर?"

शाल्मलीनं खोटं सांगितलं नाही. "पहिल्या सहा महिन्यांत आणला असता तर डोळे राहण्याची चांगली शक्यता होती."

जयाबाई खोलीच्या दाराशी उभी होती. तिच्याकडं कुणी बघितलं नाही, आणि त्यामुळंच तिला कळलं की सगळे तिच्याचबद्दल विचार करतायत.

पोराच्या अंगात रक्त कमी होतं, ते वाढवण्यात आणखी काही दिवस गेले. मग ऑपरेशन झालं. सकाळी आत नेलं ते दुपार उलटून गेल्यावर बाहेर आणलं. डोक्याला पांढरं बँडेज, तोंड सुजून ओळखू येत नव्हतं. दोन्ही पापण्या सुजून बंद झाल्या होत्या. सर्जन म्हणाले की ऑपरेशन ठीक झालं, दाब उतरला, आणि पापण्यांची सूज दोन-चार दिवसांनी जाईल, तिला भिऊ नका. तेजस्वी त्यांच्या पायांना हात लावायला वाकली, तसे ते मागं सरकले.

त्या दोन-चार दिवसांत सगळ्यांची सारी आशा त्या मिटलेल्या पापण्यांमागं जाऊन बसली. डोळे झाकलेले आहेत तोवर काहीही असू शकतं. नागेंद्रनं एक लाल चेंडू आणून उशाशी ठेवला. तेजस्वी नर्सशी मोडक्या कन्नडात दर थोड्या वेळानं तेच बोलायची, आज सूज कमी वाटते का हो? जयाबाई बाहेरच्या बाकावर बसून राहायची. तिनं काकतीच्या देवीला बोलायचं ते सगळं बोलून टाकलं, आपले डोळे घे इथपर्यंत. देवी ऐकत असती तर बाईनं त्याच बाकावर हसत दिले असते.

सूज उतरली. आधी उजवी पापणी किलकिली झाली, मग डावी. पोर शांत होतं, कितीतरी महिन्यांनी पहिल्यांदाच सकाळी रडलं नव्हतं. नागेंद्रनं चेंडू उचलला आणि त्याच्या तोंडापुढं धरला. हळूहळू उजवीकडं नेला, डावीकडं नेला. पोर छताकडं बघत होतं. तेजस्वीनं "साई" म्हणून हाक मारली तेव्हा ते हसलं आणि हसत हसत भलत्याच बाजूला वळलं. नागेंद्र तो चेंडू बराच वेळ धरून उभा राहिला, आणि मग खिशात घालायला लागला. तो मावत नव्हता.

त्या दिवशी शाल्मली मुद्दाम बाहेर येऊन जयाबाईच्या शेजारी बसली. तिला या बाईची दया आली होती.

"जयाक्का, एक ऐका. हे तुमच्या हातानं झालेलं नाही. उगाच मनात घेऊ नका. याच्या शिवणी पोटात असल्यापासूनच जुळायला लागल्या असणार. तुम्ही मालिश केली असती, नसती केली, काही फरक पडला नसता."

"दाबल्यानं न्हाय झालं?"

"नाही."

"टाळू भरल्यानं?"

"तेल घालून टाळू भरत नाही हो. ती आपली आपण भरते. कुणाची लवकर, कुणाची उशिरा."

जयाबाईनं शाल्मलीच्या डोक्याकडं बघितलं. "मग तुजं ग? तुजं तर मी केलं."

शाल्मली किंचित हसली. बाईचं ओझं हलकं करायचं तिच्या मनात होतं, दुसरं काही नव्हतं. "माझं जन्मताना दबलं होतं, एवढंच. तसं डोकं महिना-दीड महिन्यात आपोआप गोल होतं. कुणी हात नाही लावला तरी होतं."

शाल्मलीला वाटलं आता बाई रडेल आणि मोकळी होईल. जयाबाई रडली नाही. तिनं आपले दोन्ही तळवे मांडीवर उताणे ठेवले आणि त्यांच्याकडं बघत राहिली. ह्या हातांनी काही बिघडलं नाही, हे ऐकून दुसऱ्या कुणी देवाचे आभार मानले असते. पण ह्या हातांनी काही बिघडत नसेल तर घडत तरी काय होतं? पहिल्या बसनं जाऊन तिनं जी डोकी घडवली, ती सगळी तिच्याविनाच घडायची होती? मग इतकी वर्षं ती काय करत होती? पोरांना नुसतं पाणीच घालत होती?

"न्हाय," ती म्हणाली. "तुला ठावं न्हाय बाळ. माज्याच हातानं झालंय ह्ये."

"अहो जयाक्का, मी सांगते ना..."

"माज्या हातात लई ताकद हाय. जास्त दाबलं मी. म्हणून झालं."

शाल्मलीनं पुन्हा पुन्हा सांगितलं. जयाबाईनं ऐकलं नाही. तिला दोनच वाटा दिसत होत्या. एक तर आपण नातवाचे डोळे घेतले, नाहीतर आपण कधी काहीच केलं नाही. तिनं पहिली वाट धरली, आणि तिला मी तरी वेडी म्हणणार नाही.

पुढं तिनं तेच सगळीकडं सांगितलं. यशोदाबाईला सांगितलं, बसमध्ये सांगितलं, ज्या घरांतून बोलावणं आलं त्यांना दारातूनच सांगितलं, "नगा बोलावू. माज्या हातानं नातवाचं डोळं गेल्यात." लोक काय, ऐकायलाच बसलेले. मालुबाई निपाणीत म्हणाली की हाताला काहीतरी लागलंय. ज्या आया पूर्वी डोकी दाखवायला आणायच्या, त्या आता आपली मोठी झालेली पोरं चाचपून बघू लागल्या. बोलावणी बंद झाली. पहिली बस काकतीहून तिच्याविना सुटू लागली.

तेजस्वी पोराला घेऊन काकतीतच राहिली होती, कारण टाके आणि तपासण्या बेळगावातच होत्या. ती आईला काही बोलत नसे. एकदा मात्र यशोदाबाईपुढं जयाबाई पुन्हा आपल्या हातांचं पुराण सांगायला बसली, तेव्हा तेजस्वी तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "आये, बास कर. हातानं न्हाय झालं."

"तुला काय ठावं गं?"

"मला ठावं हाय. नर्स म्हणाली दाखवा, मी म्हणाले दाखवू, तू नगं म्हणालीस. तेवढंच झालं." तिनं मान वर केली नाही. "तुझ्या हातात काय नव्हतं. तोंडात हुतं."

यशोदाबाई उठून गेली. जयाबाईनं आपले हात गावभर कबूल केले होते, पण या एका गोष्टीला तिच्याजवळ कबुलीही नव्हती. लेकीनं तांदूळ पाखडले, आत जाऊन चुलीवर आधण ठेवलं. त्यानंतर दोघी हा विषय कधी बोलल्या नाहीत.

काही आठवड्यांनी डॉक्टरांनी डोक्यावरून आंघोळ घालायला परवानगी दिली. नुसतं पाणी घाला, चोळू नका, आणि जिथं हाड मोकळं ठेवलंय तिथं अजिबात दाबू नका, ती जागा हळूहळू भरेल. तेजस्वीनं पाणी काढलं, पोराचे कपडे उतरवले आणि न्हाणीच्या दाराशी थबकली.

"तूच घाल," ती म्हणाली. "मला डोक्याला हात लावायचं भ्या वाटतंय."

जयाबाई पाटावर बसली. पाय लांब केले. पोर आता मोठं झालं होतं, पायांच्या पन्हाळीत मावत नव्हतं, त्याचे पाय तिच्या पावलांपलीकडं गेले होते. हात, पाठ, मांड्या झाल्या. तिचे हात काही विसरले नव्हते. मग डोकं राहिलं. या कानापासून त्या कानापर्यंत नागमोडी वण, त्यावर नवे केस. डोकं मात्र आता खरंच चांगलं दिसत होतं. कपाळ नीट, माथा खाली. इतक्या वर्षांत ज्याला तिनं गोल म्हटलं असतं, तसं. ते सर्जननं केलं होतं.

वणाच्या वर एका जागी खळगा होता. कातडीखाली काहीतरी थडथडत होतं. तिनं ओळखलं. भरलेली टाळू डॉक्टरांनी पुन्हा उघडून ठेवली होती.

तिनं ओंजळीत पाणी घेतलं आणि हात न टेकवता वरूनच सोडलं. बांगड्या वाजल्या. तेलाचा वास तिच्या हाताला अजून होताच. पोरानं ओळखलं. ते खुदकन हसलं, मान उचलली आणि पूर्वीसारखं डोकं वर नेत तिचा तळवा शोधू लागलं. जयाबाईनं हात वर घेतला. पोरानं मान आणखी ताणली. तळवा सापडेना, तसं त्यानं दोन्ही हात हवेत फिरवले, तिचं मनगट चाचपडत पकडलं आणि तिचा हात ओढून आपल्या डोक्याकडं न्यायला लागलं. तिनं तो सोडवून घेतला. पोर रडायला लागलं.

"काय झालं गं?" बाहेरून तेजस्वीनं विचारलं.

"काय न्हाय," जयाबाई म्हणाली. "पाणी गेलं डोळ्यात."

बोलून गेल्यावर तिला कळलं आपण काय बोललो ते. पोर रडत होतं आणि डोकं वर करकरून हात मागत होतं. जयाबाईनं आपले दोन्ही हात पदराखाली घेतले.

"तेजू," तिनं हाक मारली, "ये बाई. ऱ्हायलेलं पाणी तू घाल."